पाच तारीख

पहाटे 5.10

फोन वाजतो तेव्हा मी जागीच असते. श्रावणातल्या पावसात कोयनानगरला पत्र्याखाली झोप लागली तर लागली.

"सिस्टर, गाडी न्हाई आली. वाटंत झाड पडलंय म्हणत्यात. मी फाट्यावर हुबी हाय."

ही तात्यांची दिवसपाळीची बाई. तिने सहाला हजर व्हायचं आणि रात्रभर बसलेल्या बाईने साडेसहाच्या गाडीने घरी जायचं, असा हिशेब. तिला सांगते, भिजू नकोस, दुधाची गाडी येईल तिच्यात बस. मग तात्यांकडे फोन लावून रात्रपाळीच्या बाईला थांबायला सांगते. "थांबते की," ती म्हणते. आवाजात झोप आहे, कुरकूर नाही. वहीत तिच्या नावापुढे टीप टाकते : जादा, सहापासून.

मी सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली परिचारिका. निवृत्तीनंतर इथेच राहिले. घरातलं माणूस अंथरुणाला खिळलं की लोक पहिला फोन डॉक्टरांना करतात आणि दुसरा मला. माझा ब्यूरो नाही, दारावर पाटी नाही. आसपासच्या वाड्यांतल्या काही बायकांना मी रुग्णाची उठबस शिकवली आहे. त्यांना घर मिळवून द्यायचं, घराला त्या मिळवून द्यायच्या, लघवीची नळी आणि जखमेचं ड्रेसिंग आपण करायचं, आणि दर महिन्याच्या पाच तारखेला कुणाचा पगार राहिला ते बघायचं. आज पाच तारीख आहे.

वहीच्या पहिल्या पानावर नियम आहेत. त्यातला पहिला : बारा तासांनंतरचा प्रत्येक तास वेगळा मोजायचा. झाड पडलं यात कुणाचा दोष नाही, पण जादा थांबणाऱ्या बाईची कंबर दुखते ती दुखतेच.

सकाळी 6.30

तात्या अर्धांगाचे. उजवी बाजू गेली, गिळता येत नाही म्हणून नाकातून नळी. तरुणपणी कोयना प्रकल्पावर फिटर होते. घाट उतरून पोफळीच्या भूमिगत वीजगृहात त्यांची पाळी असायची. इथे माझ्याकडे येणारे बरेचसे रुग्ण याच पिढीचे. 1950 च्या दशकात धरणाचं काम निघालं, 1962 मध्ये पहिली वीज निघाली. तेव्हा विशीत असलेली माणसं आज ऐंशीच्या पुढे आहेत. हे गाव धरणासाठी वसलं आणि ते बांधणाऱ्यांबरोबर म्हातारं झालं. मुलं पुण्या-मुंबईला गेली.

कॉटच्या उशाला तक्ता टांगलेला आहे. दर दोन तासांनी कूस : डावी, पाठ, उजवी. प्रत्येक वेळेपुढे बाईची खूण. अंथरुणातल्या माणसाला हवेच्या गादीइतकाच या तक्त्याचा आधार असतो. माकडहाड, खुबा, टाच या तीन जागी कातडी लाल दिसली आणि बोटाने दाबल्यावरही लाली हटली नाही, तर ती जखमेची सुरुवात. मी पांघरूण काढून तिन्ही जागा बघते. कोरड्या आहेत.

'कोरड्या' हे इथे सहज मिळत नाही. कोयनेला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. चादर वाळत नाही, लुंगी वाळत नाही, गादीला कुबट वास येतो. ओलसर कापडावर बारा तास पडलेल्या पाठीचं काय होतं ते सांगायला नको. म्हणून चुलीवर दोरी बांधून चादरी वाळवायच्या, रात्रीपुरता डायपर लावायचा, दिवसा खाली अंडरपॅड. डायपरचा खर्च महिन्याला काही हजारांत जातो आणि पावसाळ्यात वाढतो. पुण्यातल्या मुलाने बापाच्या खर्चाचा अंदाज मागितला, तेव्हा मी जून ते सप्टेंबरचा आकडा वेगळा काढून दिला.

नळीतून खाणं देण्याची वेळ झाली. डोकं उंच करायचं, नळी जागेवर आहे का पाहायचं, पेज गाळून हळूहळू सोडायची, शेवटी थोडं पाणी सोडून नळी धुवायची आणि त्यानंतर तासभर आडवं करायचं नाही. घाईने आडवं केलं तर पेज उलटून छातीत जाते आणि न्यूमोनिया होतो. रात्रपाळीची बाई थकलेली असूनही पेज शांतपणे सोडते. सव्वासातला दिवसाची बाई चिंब होऊन येते. दोघी तक्त्यासमोर उभ्या राहून रात्रीचं सगळं बोलून घेतात : लघवी किती, ताप किती, शौच झाली का. हे बोलणं झाल्याशिवाय पाळी बदलायची नाही, हा दुसरा नियम.

सकाळी 8.00

नानांची लघवीची नळी बदलायची आहे. डॉक्टरांची चिठ्ठी बघितल्याशिवाय मी नळीला हात लावत नाही आणि चिठ्ठी असली तरी नळी अडली तर जोर करत नाही, पाटणच्या ग्रामीण रुग्णालयात पाठवते. आज सगळं सुरळीत. पिशवी कॉटच्या खालच्या दांडीला लावते. ती कमरेच्या वर गेली की लघवी मागे फिरते आणि ताप येतो. नानांच्या नातवाला शाळेत जाण्याआधी एवढंच पाठ करून घ्यायला सांगितलंय.

नाना उशीखालून पैसे काढतात. मी घेते, मोजते, वहीत लिहिते. सुरुवातीला फुकट करत होते. लोकांनी मला देव केलं आणि बोलवायचं बंद केलं. फुकट येणाऱ्या माणसाला दुसऱ्यांदा बोलवायला संकोच वाटतो, मग नळी महिनोन् महिने तशीच राहते. फी लावल्यावर हक्काने फोन यायला लागले. ज्यांना परवडत नाही त्यांच्याकडून कमी घेते, पण काहीतरी घेतेच.

सकाळी 9.30

नवं घर. आज सगळ्यात जास्त वेळ इथे जाणार हे ठाऊक होतं.

आक्कांचं खुब्याचं हाड मोडलं. कराडला ऑपरेशन होऊन बॉल बदलला, काल संध्याकाळी घरी आणलं. घरी धाकटा मुलगा आणि सून. थोरला मुंबईत आणि मुलगी पुण्यात, दोघं व्हिडिओ कॉलवर. आक्का खाटेवर बसून सगळ्यांकडे बघताहेत, जणू कुणा दुसरीचंच चाललंय.

मी आधी खोली बघते. खाट फार बुटकी आहे. बॉल बदललेल्या माणसाने खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही, पाय पायावर टाकायचा नाही. म्हणजे उंच कॉट, उंच कमोड खुर्ची, वॉकर. रात्री अंधारात पाय अडकतील अशा सतरंज्या गुंडाळून माळ्यावर. कॉट कराडहून भाड्याने येईल. दुकानदार अनामत घेतो, महिन्याचं भाडं वेगळं आणि साठेक किलोमीटरवरून टेम्पोने आणण्याचा खर्च भाड्याच्या वर जातो. तरी विकत घ्यायची घाई करू नका, असं सांगते. आक्का सहा आठवड्यांत वॉकरवर बऱ्यापैकी हिंडायला लागतील. कॉटच्या चाकांना लॉक आहे का ते बघून घ्या. कोयनेत जमीन अधूनमधून हलते, तेव्हा चाकं मोकळी नकोत.

फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून एकदा येईल आणि व्यायाम शिकवून जाईल. तो रोज करून घेणं बाईचं काम. पावलं वर-खाली हलवणं कंटाळवाणं वाटतं, पण पायातलं रक्त गोठू नये म्हणून तेच महत्त्वाचं.

आता बाई. थोरल्याने पुण्यातल्या एका ब्यूरोला विचारलंय. ब्यूरो नोंदणीचे पैसे घेतो, एक महिन्याचा पगार आगाऊ घेतो, त्यातला काही भाग स्वतःकडे ठेवतो. त्याबदल्यात ओळखपत्र आणि पोलीस पडताळणी मिळते. बाई आजारी पडली तर बदली मिळते, हा ब्यूरोचा खरा फायदा. पण पुण्याची बाई ऐन पावसात इथे राहायला यायला तयार होत नाही. आली तरी फोनला रेंज मिळत नाही म्हणून चार दिवसांत परत जाते. इथल्या वाडीवरची बाई ओळखीची असते, रेंजवाचून तिचं अडत नाही. तिला बदली मात्र नाही. ते कोडं मला सोडवावं लागतं, म्हणून प्रत्येक घराला मी दोन बायका दाखवते, एक नेमलेली आणि एक अडीअडचणीची.

"किती घेईल?" थोरला विचारतो.

"बारा तासांचे महिन्याला चौदा हजार. महिन्याला चार सुट्ट्या भरपगारी. चहा, दुपारचं जेवण घरचं. सणाच्या दिवशी आली तर दुप्पट रोज."

"सिस्टर, चौदा जरा जास्त होतात हो. घरातल्यासारखीच राहील की ती. आम्ही काही परकं मानणार नाही."

हे वाक्य मी प्रत्येक घरात ऐकते. "बरं. मग ती आजारी पडली तर घरातल्यासारखा पगार चालू ठेवाल ना? तिच्या पोराच्या फीला अडलं तर?"

स्क्रीनवर कुणी बोलत नाही. पुण्याची लेक म्हणते, "दादा, चौदा ठीक आहेत."

"सरकारी योजनेत बसत नाही का काही?" थोरला अजून शोधतोय. आक्कांचं आयुष्मान कार्ड आहे. सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना 2024 पासून ते मिळतं, वर्षाला पाच लाखांपर्यंत. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावरचं. धाकटा सरकारी नोकरीत आहे, त्याला आईच्या रुग्णालयातल्या बिलाची प्रतिपूर्ती मागता येईल. घरी ठेवलेल्या बाईच्या पगाराची पावती मात्र कुठल्याच टेबलावर चालत नाही. कागदोपत्री आजारपण रुग्णालयाच्या दारातून बाहेर पडलं की संपतं, घरी मात्र ते तिथूनच सुरू होतं.

मग वाटणी. मी वहीचं कोरं पान घेऊन तीन उभे रकाने आखते : पैसे, दिवस, रात्री. पैशाच्या रकान्यात तिघा भावंडांची नावं येतात. दिवसाच्या रकान्यात बाई. रात्रीचा रकाना रिकामाच राहतो.

"रात्री आमची ही आहेच," धाकटा म्हणतो.

सून स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे. दिवसा अंगणवाडीत काम करते. रात्री दोनदा-तीनदा उठून सासूला कमोडवर बसवायचं आणि सकाळी पुन्हा कामावर. "रात्रीची बाई ठेवली तर आणखी चौदा हजार," मी स्क्रीनकडे बघून म्हणते. "या रात्री काढणार असतील तर ते चौदा हजार धाकट्या घराने भरले असं धरा. दिवसाच्या पगारातला त्यांचा वाटा शून्य. आणि आठवड्यातली एक रात्र बाहेरची बाई येईल, तिचे पैसे तुम्ही दोघांनी द्यायचे."

थोरला लगेच हो म्हणत नाही. हिशेब त्याला पटतो, फक्त असा हिशेब करायचा असतो हेच त्याला नवं आहे. अखेर होतो राजी. कागदावर तारीख, दर, वेळ, सुट्ट्या, कामं लिहिली जातात. कामांच्या यादीत आक्कांचे कपडे आहेत, सगळ्या घराची धुणीभांडी नाहीत. तेही लिहिलं, कारण न लिहिलेली भांडी महिन्याभरात बाईच्या पुढ्यात येऊन पडतात. धाकटा सही करतो. बाई उद्यापासून येईल, ती सही करेल. आक्का म्हणतात, "माझी न्हाई व्हय लागत?" त्यांचीही घेतो.

सकाळी 11.45

बाजारात चक्कर. ज्यांचे पगार आले त्यांच्या नावावर खूण करत जाते. आता बहुतेक घरं फोनवरून पाठवतात. माझी एकच अट : पैसे बाईच्या स्वतःच्या खात्यात. नवऱ्याच्या खात्यात गेलेला पगार घरी पोचेपर्यंत निम्मा होतो, त्यावर अधिक लिहायला नको. खातं नसेल तर पोस्टाच्या बँकेत उघडतो. पोस्टमन अंगठा घेऊन दारातच रोख देतो.

एका घरातले आजोबा सही करू शकत नाहीत, म्हणून त्यांचं पेन्शन बँकेत पडून आणि बाईचा पगार अडलेला. रिझर्व्ह बँकेचा यासाठी नियम आहे. आजारी खातेदाराच्या हाताचा, नाही जमलं तर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो, दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा अधिकारी हवा. सत्तरीच्या पुढच्यांना घरपोच सेवाही मागता येते. मुलाला अर्ज लिहून देते. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याचं असंच होणार, तेव्हा तो फोनवर चेहरा दाखवून कसा करायचा तेही शिकून घे म्हणते. पेन्शनवर घर चालतं, त्या घरात दाखला चुकला की पहिली कात्री बाईच्या पगाराला लागते.

दुपारी 1.15

भाकरी, घेवड्याची आमटी. दहा मिनिटं पाठ टेकते.

दुपारी 2.30

पडवीत चार जणी जमल्या आहेत. आज उचलण्याचा धडा. अंथरुणातलं माणूस काखेत हात घालून ओढायचं नाही. त्याच्या खाली आडवी दुमडलेली चादर ठेवायची, दोन बाजूंनी दोघींनी धरायची, गुडघ्यात वाकायचं, कमरेत नाही, आणि एक-दोन-तीन म्हणून सरकवायचं. एकटी असाल तर माणसाला आधी कुशीवर वळवा. आम्ही एकमेकींवरच सराव करतो, हसून हसून पुरेवाट. मग हात धुणं, साखर तपासणं, 108 ला कधी फोन करायचा : बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, श्वास लागला, तर मला विचारत बसायचं नाही.

यांना फारसं शिकवावं लागत नाही. कोयनेच्या खोऱ्यातले पुरुष पिढ्यान् पिढ्या मुंबईला गेले, कुणी गिरणीत, कुणी बंदरात, कुणी बाजारात पाठीवर गोणी वाहायला. मनिऑर्डर यायची. मागे राहिलेल्या बायका शेत बघायच्या आणि सासू-सासऱ्यांचं शेवटचं आजारपण काढायच्या. कूस बदलणं, भरवणं, गू-मूत काढणं त्यांना तिथेच आलं. तेव्हा त्याचे पैसे नव्हते. तेच काम आता पैशाने होतंय, एवढंच नवं.

चौघींतली एक माथाड्याची मुलगी आहे. तिच्यामुळे मला नेहमीचा विषय काढायला निमित्त मिळतं. माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील याच पाटण तालुक्यातले, मंद्रुळकोळ्याचे. त्यांच्या आधी मुंबईच्या बाजारातल्या हमालाला मालक नव्हता. सकाळी एका पेढीची गोणी, दुपारी दुसरीची, मग आजारी पडल्यावर जबाबदार कोण? 1969 मध्ये माथाडी कायदा झाला आणि मंडळं आली. व्यापाऱ्याने मजुरी मंडळात भरायची, वर लेव्ही भरायची, मंडळाने ती हमालाला द्यायची आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, रजा, बोनस. पुढे 1981 मध्ये खासगी सुरक्षारक्षकांसाठी तसाच कायदा झाला. मालक अनेक असले तरी कामगार एकच आणि त्याचा हिशेब एका जागी, ही युक्ती या खोऱ्यातल्या घराघराने अनुभवलेली आहे. निवृत्त माथाडी गावी परतला तो निधीचे पैसे घेऊन.

आता या बायकांचं बघा. या महिन्यात तात्यांकडे, तात्या गेले की दुसरीकडे. रुग्ण बरा झाला तरी काम जातं आणि वारला तरी जातं. हमालाची जी अडचण होती तीच. घरकामगारांसाठी राज्यात 2008 चा कायदा आहे. त्याखाली नोंदणी होते, कल्याण योजना मिळतात, पण पगार मंडळामार्फत जात नाही आणि दर कुणी ठरवत नाही. मला वाटतं, आजारी माणसाची काळजी घेणाऱ्या बाईला माथाडीसारखं मंडळ हवं. घरांनी पगार तिथे भरावा, वर थोडी लेव्ही. त्यातून दोन रुग्णांच्या मधल्या रिकाम्या दिवसांचे पैसे, आजारपणाची रजा आणि बदली बाई मिळावी. बदलीचं कोडं मग माझ्या वहीवर अवलंबून राहणार नाही.

तोवर हाताशी आहे ते करायचं. प्रत्येकीची ई-श्रम नोंदणी झाली आहे का, ते बघते. वर्षाला वीस रुपयांत मिळणारा दोन लाखांचा अपघात विमा बँकेत सुरू आहे का, तेही. निसरड्या पायवाटेने ये-जा करणाऱ्या बाईला त्याची किंमत सांगावी लागत नाही. 2021 च्या जुलैत आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या, त्यानंतर या वाटांनी पावसात चालणं सगळ्यांनाच जड जातं. एक गोष्ट बरी झाली. 2023 च्या मार्चपासून बायकांना एसटीचं निम्मं तिकीट झालं. त्याआधी लांबच्या वाडीची बाई पगारातला डोळ्यात भरेल एवढा तुकडा तिकिटात घालवायची, म्हणून लांबचं काम घ्यायचीच नाही.

दुपारी 4.30

माईंना स्मृतिभ्रंश आहे. आज वाद त्यांच्या औषधाचा नाही, बाईच्या पगाराचा आहे. "ती करते काय, सिस्टर? दिवसभर बसून तर असते." माईंची सून कटकटीने बोलत नाही, तिला खरोखर प्रश्न पडलाय.

मी तिला तासभर माझ्यासोबत बसवते. माई दर दहा मिनिटांनी उठून दाराकडे जातात. बाहेर काढा म्हणतात, घर पडतंय. 1967 च्या 11 डिसेंबरच्या पहाटे भूकंप झाला तेव्हा त्या ऐन तारुण्यात होत्या. अलीकडची नावं त्या विसरल्या, ती पहाट नाही. बाई त्यांना 'नाही हो, काही पडत नाही' असं म्हणत नाही. "चला, भाईर जाऊ," म्हणते, हाताला धरून व्हरांड्यात नेते, खांब दाखवते, पाऊस दाखवते, परत आणते. पुन्हा दहा मिनिटांनी तेच. मध्ये पाणी पाजते, लघवीला नेते, गोळी पोटात गेली का बघते. तासाच्या शेवटी सून म्हणते, "मला हे रोज जमणार नाही."

"म्हणून तर पगार आहे," मी म्हणते. राहिलेले पैसे तिथेच, तेव्हाच बाईच्या खात्यात जातात.

संध्याकाळी 6.40

वीज गेली. कोयना प्रकल्पाची स्थापित क्षमता 1,960 मेगावॉट. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांतले दिवे इथल्या पाण्यावर पेटतात. आणि इथे वादळात तार तुटली की आम्ही मेणबत्ती शोधतो. मला चिंता आहे ती ऑक्सिजन मशीनवरच्या काकांची. धावतच जाते, दोन घरं सोडून आहेत.

घाबरण्यासारखं नाही, कारण हिशेब आधीच करून ठेवलाय. मशीन साडेतीनशे वॉटच्या आसपास ओढतं, म्हणजे इन्व्हर्टरची मोठी बॅटरी तीनेक तास पुरते. तेवढ्यात वीज आली नाही तर दीड हजार लिटरचा बी-टाइप सिलिंडर आहे. मिनिटाला दोन लिटर लागतात, म्हणजे सुमारे बारा तास. बाईने टॉर्च तोंडात धरून इन्व्हर्टर बघून ठेवलाय आणि सिलिंडरची चावीही शेजारी काढून ठेवलीय. काकांच्या मुलाला मी आणखी एक आकडा सांगते : मशीन दिवसरात्र चाललं तर महिन्याला अडीचशे युनिट जादा. तेही आजारपणाच्याच खर्चात धरायचं. त्याची आई एकटीच बिल बघून दचकत होती.

पावणेआठला वीज येते.

रात्री 8.30

तात्यांच्या मुलीचा जर्मनीहून फोन. तिथे अजून संध्याकाळ आहे. पगार पाठवलाय, सकाळच्या जादा वेळाचेही जोडलेत. ती म्हणते, "सिस्टर, इथे माझ्या पगारातून काळजीच्या विम्याचे पैसे दर महिन्याला कापतात. म्हातारपणी कुणी घरी मदतीला लागलं तर त्यातून मिळतं. घरचंच माणूस करत असेल तर त्यासाठीही पैसे देतात." जर्मनीत हा विमा 1995 पासून आहे. जपानने 2000 मध्ये काळजीचा विमा काढला, चाळिशीपासून हप्ता भरावा लागतो. मी तिला विचारते, घरच्या माणसालाही देतात, हे नक्की ना? नक्की, म्हणते. मला आक्कांच्या सुनेचा रिकामा रकाना आठवतो. तिकडे तो कायद्याने भरतात, इथे आज भांडून भरला.

रात्री 9.45

वही मिटण्याआधी बेरीज. एक सोडून सगळे पगार आले. राहिलेलं घर अडचणीत आहे हे माहीत आहे, त्यांच्याकडे उद्या स्वतः जाईन आणि बारा तासांचे आठ करू. बाईला अर्धवट पगार देऊन पूर्ण वेळ राबवणं मात्र होणार नाही. आक्कांकडची नवी बाई सहाच्या गाडीने येणार, झाड हटवलंय असा निरोप आहे.

शेवटच्या पानावर माझा स्वतःचा कागद आहे. मलाही वय चुकलेलं नाही. दिवसपाळी, त्या वेळी इथे चालू असेल तो दर, चार भरपगारी सुट्ट्या, बारा तासांवर जादा, पैसे पाच तारखेच्या आत बाईच्या खात्यात. त्यासाठी पेन्शनमधून दरमहा किती बाजूला पडतात तेही लिहिलंय. मागच्या महिन्यात त्याचा फोटो मुलाला पाठवला. त्याचं उत्तर आलं, "आई, असलं काहीतरी काय लिहितेस."

मी कळवलं, सही करून पाठव.